जोखीमसाहेबाची पलटण

जोखीमसाहेबाच्या तोंडून शब्द निघाला ‘डावीकडे’, आणि तलवार रोखली गेली पलटणीच्या उजवीकडच्या चिंचेवर.

मी त्याच्या शेजारी, बैल सोडलेल्या गाडीवर उभा होतो. समोर तीनशे माणसं बंदुका खांद्याला टेकवून माझ्या तोंडाकडे बघत होती. साहेबाने पोर्तुगीजमध्ये हुकूम द्यायचा आणि मी तो मराठीत ओरडायचा, अशी आमची रीत. आता तोंड खरं मानायचं की तलवार? विचाराला वेळ नव्हता. मी तलवारीला कौल दिला.

“उजवीकडं... फिर!”

सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या. पलटण चिंचेकडे तोंड करून उभी राहिली, एक पागोटं रेषेबाहेर नाही. साहेब खूश झाला. मिशीवरून बोट फिरवलं. मग त्याच्या काहीतरी ध्यानात आलं. त्याने चिंचेकडे पाहिलं, स्वतःच्या तलवारीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं. त्याचे कान लाल होत गेले, पार टोकापर्यंत.

“शेणवी,” तो हळूच म्हणाला, “मी काय बोललो होतो?”

“साहेबांना जे बोलायचं होतं, तेच मी ओरडलो.”

त्याने कवायत तिथेच मोडली आणि तंबूत निघून गेला.

गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा माझे सगळे दात जागेवर होते. मी गोव्याकडचा, शाबा शेणवी. पोर्तुगीज चांगलं यायचं, म्हणून पूर्णेकाठच्या शिरापूरला गजराबाईसाहेबांच्या जहागिरीत दुभाषा म्हणून लागलो. बाईसाहेबांचे यजमान लढाईत गेलेले. सगळा कारभार त्या चिकाच्या पडद्याआडून बघायच्या, आणि असा बघायच्या की पडद्याबाहेरच्यांनाच घाम फुटायचा. आजूबाजूच्या सरदारांनी गोरे साहेब ठेवून कवायती पलटणी उभ्या केल्या होत्या. आपलीही एक असावी असं बाईसाहेबांनी मनावर घेतलं, आणि गोव्याहून माझ्याबरोबर हा साहेब आला.

त्याचं नाव योआखिम फॉन ट्रेस्निट्स. देवडीवरच्या पहारेकऱ्याने ते दोनदा ऐकून घेतलं, मान डोलावली आणि आत वर्दी दिली, “जोखीमसाहेब आल्यात.” झालं. त्या दिवसापासून सगळ्या मुलखाचा तो जोखीमसाहेब. शिंदीच्या झाडासारखा उंच, उन्हाने नाकाची साल निघालेली, आणि भर उन्हात निळा कोट गळ्यापर्यंत गुंड्या लावून घातलेला. प्रशिया नावाच्या मुलखातल्या फौजेत कप्तान होता. तिथली कवायत म्हणजे जगात अव्वल, असं गोव्यात सगळे फिरंगी सांगत. मग असा माणूस तिकडून इतक्या लांब का आला, हे मात्र कुणाला ठाऊक नव्हतं.

ते मला त्या दिवशी कळलं. मी तंबूत गेलो तर तो पेटीवर बसला होता.

“दार लाव,” तो म्हणाला.

तंबूला कसलं दार! मी कनात खाली सोडली.

“शेणवी, मला डावं-उजवं कळत नाही.”

मला वाटलं, माझंच पोर्तुगीज कच्चं पडलं. “म्हणजे कसं, साहेब?”

“म्हणजे कळत नाही. एकटा बसलो की कळतं. जेवताना कळतं. माणसांपुढे हुकूम द्यायला उभा राहिलो की दोन्ही एकमेकांत मिसळतात, दूध आणि पाणी मिसळावं तसं.”

हसू दाबायला मी खोकलो. अर्ध्या जगाला वळसा घालून हा कवायत शिकवायला आला, आणि याला डावं-उजवं कळत नाही!

“मग कप्तान कसे झालात?”

“लढाईत डावं-उजवं कोण विचारतो? शत्रू समोर असतो. समोर कुठे आहे ते मला कळतं.” त्याने मांडीवर थाप मारली. तिथे गोळी लागल्याची खूण होती, हे मला ठाऊक होतं. “वडील गरीब उमराव. जमीन सगळी वाळू. मी मोठा व्हायच्या आधीच मला फौजेच्या शाळेत घातलं. मिसरूड फुटायच्या आत लढाईवर गेलो. लढाई होती तोवर सगळं छान चाललं होतं, शेणवी. मग तह झाला.”

“आणि?”

“आणि पाहणी सुरू झाली. कवायतीची. मोठा सेनापती यायचा, त्याच्याबरोबर बायकामाणसं, गाड्या, वाजंत्री. माझी तुकडी मैदानातून तळ्याकडे चालली होती. तळ्याशी उजवीकडे वळायचं. मी डावीकडे म्हणालो.”

“डावीकडे काय होतं?”

“तळं.”

मी पुन्हा खोकलो.

“सगळे पाण्यात शिरले,” साहेब सांगत होता. “गुडघाभर, मग कमरेएवढ्या. थांबा म्हणायला मी तोंड उघडलं, पण वाचाच गेली. हुकूम नाही म्हणून कुणी थांबेना. ढोलवाला गळ्यापर्यंत बुडाला तरी वाजवत होता. त्या ढोलाचा आवाज पाण्याखालून कसा येतो ठाऊक आहे? बुड्, बुड्, बुड्.”

आता मात्र मला राहवलं नाही. मी तोंडात उपरण्याचा बोळा कोंबून हसलो. साहेबाने राग मानला नाही.

“सेनापतीही असाच हसला. म्हणाला, कप्तान, मासे शरण आले का? आणि दुसऱ्या दिवशी मला घरचा रस्ता दाखवला. त्या माणसांना पोहता येत नव्हतं, शेणवी. पण आमच्याकडे रांग मोडली की छडीने पाठ सोलतात. त्यांना पाण्यापेक्षा छडीचं भय जास्त. पाण्यात जाताना एकानेही माझ्याकडे वळून बघितलं नाही. ते मला अजून दिसतं.”

माझं हसू विरलं.

“साहेब,” मी म्हणालो, “तुम्ही तलवार नीट रोखत जा. तोंडाचं मी बघतो.”

त्याने माझा हात धरून असा काही हलवला की खांदा निखळायचा राहिला.

थंडी सरेपर्यंत आमचं हे असं छान चाललं. साहेब ओरडायचा एक, मी ओरडायचो दुसरं, आणि पलटण घड्याळाच्या काट्यासारखी फिरायची. गावचे लोक बोरं खात कवायत बघायला यायचे. आमचं गुपित आमच्या दोघांत होतं, आणि त्या गुपितापायी आम्ही दोघे उगीचच खुशीत असायचो. कधी एकमेकांकडे नुसतं पाहिलं तरी हसू यायचं.

मग हैबतराव आले.

हैबतराव बाईसाहेबांचे चुलतसासरे. सगळं आयुष्य घोड्यावर गेलेलं. चालायचे तेसुद्धा मांडीखाली घोडा असल्यासारखे. सदरेवर येऊन त्यांनी बैठक मारली आणि पडद्याकडे तोंड करून सरळ सुरुवात केली.

“सूनबाई, ही टाचा आपटायची पलटण कशापायी पोसता? माणूस जमिनीवर उभा राहिला की घोड्याच्या खुराखाली जायचाच. माझे शंभर स्वार सोडतो. तुमचे बहाद्दर पळाले नाहीत तर मिशी उतरवीन.”

“मिशी राहू द्या, मामंजी,” पडद्याआडून आवाज आला. “ती तुम्हाला शोभते. परीक्षा मात्र जरूर घ्या. पलटण पळाली तर मोडून टाकू आणि साहेबांना निरोपाचा नारळ देऊ. उभी राहिली तर पुन्हा या विषयावर बोलायचं नाही.”

“कबूल. आणखी एक.” हैबतरावांनी माझ्याकडे बोट केलं. “हा गाडीवर चढून ओरडणारा नको. लढाईत याला गोळी लागली तर साहेब काय खुणा करणार? हुकूम साहेबाने द्यायचा. आपल्या मराठीत. एकट्याने.”

साहेबाला मी समजावून सांगितलं तेव्हा त्याच्या नाकाची उरलेली सालही पांढरी पडली.

परीक्षा सोपी होती. पलटण मैदानात उभी. तिच्या डाव्या अंगाला नदी, उजव्या अंगाला आमराई. तिथून स्वार येणार. साहेबाने ‘उजवीकडं फिर’ म्हणायचं, मग ‘संगिनी रोख’ म्हणायचं, आणि माणसांनी जागा सोडायची नाही. बस्स. लागणारे सगळे शब्द मी त्याच्याकडून घोकून घेतले. शब्द त्याला छान यायला लागले. ‘उजवीकडं’ तर तो असा म्हणायचा की घाटावरचाच वाटावा. प्रश्न शब्दाचा नव्हताच.

“उजव्या मनगटाला लाल दोरा बांधू,” मी सुचवलं.

“कोटाला अंगठी शिवून पाहिली, बुटात खडा ठेवून पाहिला. त्या वेळी मला दोरा दिसेल, शेणवी. पण तो उजव्याचा की डाव्याचा, हे आठवणार नाही.”

“अहो, जेवायचा हात तो उजवा!”

“मी दोन्ही हातांनी जेवतो.”

यावर आम्ही दोघेही इतके हसलो की बाहेरचा पहारेकरी डोकावून गेला. हसता हसता माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते सगळंच काही हसण्याचं नव्हतं.

परीक्षेच्या सकाळी सगळं शिरापूर मैदानाच्या कडेला लोटलं. बाईसाहेब हत्तीवरच्या अंबारीत पडदा सोडून बसल्या होत्या, आणि मला त्यांनी हत्तीच्या पायाशी उभं केलं होतं. साहेब काय करतोय ते मी सांगायचं म्हणे! पलटणीच्या पहिल्या रांगेत डाव्या टोकाला सोननाक हवालदार उभा. हा गडी साहेबाएवढाच उंच आणि बोलायला तितकाच कमी. साहेब पलटणीसमोर, तिच्याकडे तोंड करून. म्हणजे त्याचं उजवं ते तिचं डावं. भल्याभल्यांचा गोंधळ उडावा अशी जागा, आणि तिथे आमचा साहेब!

आमराईतून शिंग वाजलं. धूळ उठली. शंभर घोडी एकदम सुटली की जमीन पायाखालून थरथरत येते. हत्तीनेही कान हलवले. सगळ्यांत पुढे हैबतराव, दाढी वाऱ्यावर, भाला आडवा, ‘हर हर महादेव’ करत.

साहेबाने तलवार उपसली. त्याने मनगटावर मी हट्टाने बांधलेला लाल दोरा पाहिला, हे मला इतक्या लांबून दिसलं. त्याने छाती भरून घेतली. मी मनात तेहतीस कोटी देवांना एकदम हाक मारली.

“डावीकडं... फिर!”

एकाही देवाला ऐकू गेलं नव्हतं.

टाचा वाजल्या. सगळी पलटण डावीकडे फिरली. भरधाव येणाऱ्या शंभर घोड्यांना पाठ करून, तीनशे माणसं नदीकडे बघत उभी राहिली, बंदुका खांद्याला, माना ताठ.

साहेबाला त्यांच्या पाठीमागून येणारी घोडी दिसली. त्याचं तोंड उघडलं. आवाज आला नाही. ते तळं पुन्हा त्याच्यापुढे उभं राहिलं असणार, मला दिसत होतं. मी ओरडणार होतो, पण मला तर ओरडायलाच बंदी होती.

घोडी जवळ आली. आणखी जवळ. रांगेतला एक माणूस हलला नाही. मान वळली नाही. खांदा थरकला नाही.

आणि गडबड उडाली ती दुसऱ्याच बाजूला. हैबतरावांच्या स्वारांना पळणाऱ्या माणसांमागे लागायची सवय. समोरून संगिनी रोखणारे कसे चुकवायचे हेही त्यांना ठाऊक. पण पाठ करून स्वस्थ उभ्या माणसावर घोडा कसा घालायचा? न पळणाऱ्याच्या पाठीवर वार म्हणजे साती पिढ्यांना बट्टा. कुणीतरी लगाम खेचला. मागच्याचा घोडा त्याच्यावर आदळला. त्याच्यामागचा तिरका फुटला. एक घोडा दोन पायांवर उभा राहिला, एकाने बसकण मारली, एकाने स्वार टाकला आणि सरळ नदीवर पाणी प्यायला गेला. पागोटी मैदानभर गडगडत सुटली. धुळीतून नुसते आवाज येत होते: “अरे थांब!”, “माझा पाय!”, “ही कुणाची घोडी?”

हैबतरावांचा घोडा शेवटच्या रांगेपासून हातभर अंतरावर चारी पाय रोवून थांबला. हैबतराव थांबले नाहीत. ते घोड्याच्या मानेवरून घसरत आले आणि दोन पायांवर उभे राहिले, अगदी शेवटच्या शिपायाच्या पाठीला नाक लावून.

“अरे, मागं बघा की!” ते गरजले.

कुणी बघितलं नाही. तसा हुकूम नव्हता.

ते तरातरा रांगेला वळसा घालून पुढे आले आणि सोननाकाच्या तोंडापुढे उभे राहिले. सोननाक त्यांच्या खांद्यावरून नदीकडे बघत होता.

“घोडी ऐकू आली नव्हती का रे?”

सोननाक गप्प. बोलायचाही हुकूम नव्हता.

हैबतराव वळले. अंबारीकडे बघत त्यांनी डोक्यावरची धूळ झटकली. “सूनबाई,” ते म्हणाले, आणि त्यांचा आवाज अगदी वेगळा आला, “मी हयातभर घोडं फिरवलं. माझ्याशी लढलेले पाहिले, माझ्यापुढून पळालेले पाहिले. मला मोजायलाच तयार नाहीत, अशी माणसं आज पाहिली.”

पडद्याआड आधी बांगड्या वाजल्या. मग बाईसाहेब हसल्या. अशा हसल्या की अंबारी हलायला लागली, माहूत हसला, मैदानाच्या कडेचे लोक हसले, आणि धुळीत बसलेले हैबतरावांचे स्वारही एकमेकांना पागोटी फेकून मारत हसायला लागले. पलटण तेवढी ताठ उभी. शेवटी साहेबाने हातानेच खूण केली तेव्हा ती मोडली. साहेब मात्र कुणाकडे न बघता तंबूकडे चालू लागला.

दिवस कलताना बाईसाहेबांनी साहेबासाठी शालजोडी धाडली. मी ती घेऊन गेलो तर तंबूपुढे उंट बसवलेला. त्याच्यावर पेटी, बिछाना, सगळा बोजा बांधून तयार.

“साहेब, हे काय? आपण जिंकलो!”

“तू पाहिलंस ना?” तो दोरी आवळत म्हणाला. “पुन्हा तेच. मी चुकीचं बोललो आणि ते मरायला उभे राहिले. मी कुणाला छडी मारली नाही, तरी ते भ्यायले. माझ्यातच काहीतरी असणार. मी माणसांची लाकडं करतो, शेणवी. मला गेलं पाहिजे.”

मी तडक पलटणीच्या राहुट्यांकडे गेलो आणि सोननाकाला हात धरून घेऊन आलो.

“हवालदार, साहेबांना सांग. सकाळी का फिरलात?”

सोननाकाने एकदा उंटाकडे, एकदा साहेबाकडे बघितलं. “हुकूम व्हता जी.”

“खरं सांग. साहेब चालले.”

“कुटं?” सोननाक दचकला. मग जरा वेळ पायाने माती उकरत राहिला. “मंग सांगतो. सायबांला डावं-उजवं कळत न्हाई, ह्ये समद्या पलटणीला ठावं हाय. पैल्या म्हैन्यापास्नं.”

मी उडालोच. “कसं?”

“अवो, तुमी वराडायच्या आदी सायेब त्याच्या बोलीत वराडतो. ‘दिरैत’ म्हंजी उजवं, ‘इश्केर्द’ म्हंजी डावं. रोज आयकून ध्यानात येनारच की. सायेब म्हनतो दिरैत, अन् शेणवीबोवा वराडतात डावं. आमी मनात लई हसायचो. पन तुमी दोगं खुशीत दिसायचा, म्हून बोललो न्हाई.”

माझे कान लाल झाले. आमचं गुपित!

“काल सांजच्याला बसून इचार केला,” सोननाक सांगत होता. “उद्या शेणवीबोवा न्हाईत, सायेब चुकनार. मंग काय करायचं? कोन म्हनलं, सायेब बोलंल त्याच्या उलट फिरायचं. मी म्हनलं, अन् येकदाच नेमका बरूबर बोलला तर? मंग अर्दे हिकडं अन् अर्दे तिकडं. म्हून ठरवलं, बोलंल त्येच करायचं. तीनशे मानसं येकदम चुकली तर ती चूक हाय म्हून कुनाला कळत न्हाई.”

“आणि घोडी? भीती नाही वाटली?”

“लई वाटली! समोरनं येनारं दिसतं तरी. पाटीमागनं काय येतंय कळंना. माज्या बाजूचा देशमुखाचा पोर डोळं मिटून रामरक्षा म्हनत व्हता. मी म्हनलं, जरा मोठ्यानं म्हन, मला बी आयकू दे.”

“मग कशासाठी रे एवढं?”

“शेणवीबोवा, मी म्हाराचा. त्यो देशमुखाचा. आमच्या बापजाद्यात कुनी खांद्याला खांदा लावून उबं ऱ्हायलं न्हाई. सायबानं पैल्या दिशी काटी घेतली, समद्यांची उंची मापली, अन् लावलं रांगंत. बाकी कायबी इचारलं न्हाई. आता त्यो पोर माजी सावली पडली तर सरकत न्हाई, रामरक्षा म्हनतो. आमी रांग मोडली असती, तर आमीच मोडलो असतो. अन् सायेब चुकला आसं चारचौगांत दिसलं असतं. ते आमाला नको व्हतं.”

मी ते सगळं साहेबाला सांगितलं. उलटापालट न करता, रामरक्षेसकट. तो ऐकत गेला. ‘पहिल्या महिन्यापासून’ म्हणालो तेव्हा त्याने डोकं धरलं. ‘नेमका बरोबर बोलला तर’ म्हणालो तेव्हा त्याचे ओठ थरथरले. शेवटचं ऐकून त्याने पाठ फिरवली आणि उंटाच्या मानेवर हात ठेवला.

मग त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं, रडतो आहे. तो वळला तेव्हा कळलं, रडणं आणि हसणं दोन्ही चाललं होतं. एवढा मोठा माणूस, गळ्यापर्यंत गुंड्या लावलेला, मातीत फतकल मारून बसला आणि पोट धरून हसू लागला. सोननाक आधी बावरला, मग तोही हसला, आणि मी तर उपरण्याचा बोळा कधीच फेकून दिला होता.

साहेब उठला. कोटाच्या सगळ्या गुंड्या सोडल्या आणि सोननाकाच्या खांद्यावर हात टाकून राहुट्यांकडे निघाला. तिथे कुणीतरी हलगी तापवत होतं. कडाडली तसा साहेब मध्ये शिरला आणि त्याच्या मुलखातला कसला तरी नाच नाचायला लागला, उड्या मारत, गुडघ्यांवर थापा देत, चुकीच्या पायावर गिरक्या घेत. पलटण आधी बघत राहिली आणि मग सगळीच नाचात घुसली. कल्ला ऐकून हैबतराव तणतणत आले. त्यांना कुणीतरी आत ओढलं. थोड्या वेळाने ते मांडीखाली घोडा असल्यासारखेच नाचत होते, आणि देशमुखाचा पोरगा त्यांना साहेबाचा ठेका शिकवत होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मला उंटाची आठवण झाली. बिचारा बोजा पाठीवर घेऊन तसाच बसला होता, रवंथ करत. साहेब पलटणीबरोबर मैदानात होता, त्याला हाक मारायला जिवावर आलं. मीच दोऱ्या सोडल्या आणि पेटी उचलून परत तंबूत नेऊन ठेवली.